‘लल’ मराठीत आणताना: काय थांबले, किती वेळ आणि कोणाच्या नजरेतून

इंग्रजी ‘लल’ (lull) हा शब्द असलेल्या ‘देअर वॉज अ लल इन द फायटिंग’ या वाक्याचे ‘लढाईत शांती होती’ असे मराठी झालेले दिसते. ‘अ लल इन द रेन्स’चे ‘पावसाचा विराम’ होते, ‘अ लल इन बिझनेस’चे ‘धंद्यात मंदी’, आणि ‘लल्ड इंटू अ फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी’चे तर ‘सुरक्षेच्या खोट्या भावनेत झोपवले’. चारही ठिकाणी कोश उघडलेला आहे आणि चारही ठिकाणी वाक्य बिघडलेले आहे. इंदूरकडे हे जास्त घडते, कारण इथल्या मराठी घरांत हाताशी असतो तो बहुधा इंग्रजी-हिंदी कोश. शब्द आधी हिंदीत उतरतो आणि मग त्याला मराठी प्रत्यय लागतात.

अर्थ एका ओळीत सांगता येतो: चालू असलेली गोष्ट थोडा वेळ थांबणे किंवा मंदावणे, आणि ती पुन्हा सुरू होण्याची शक्यता शिल्लक असणे. पण एवढे पाठ करून भागत नाही. मराठीत यासाठी एक शब्द नाही, दहा-बारा आहेत, आणि त्यांतला जवळपास प्रत्येक शब्द कोणाची तरी बाजू घेतो. इंग्रजी ‘लल’ तटस्थ आहे. ‘उघडीप’ मात्र सुटकेचा श्वास टाकते आणि ‘ओढ’ कपाळाला आठ्या घालते. म्हणून निवडीचा क्रम पाळावा लागतो. मराठी शब्द आधी सुचतो आणि वाक्य नंतर वाचले जाते, तिथेच बहुतेक चुका होतात.

## तयारी

‘लल’ असलेले वाक्य सुटे घेऊ नका. त्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्ये समोर ठेवा. आधीच्या वाक्यांत काय चालू होते ते कळते, नंतरच्या वाक्यांत ते परत सुरू झाले की नाही ते कळते.

कागदावर तीन रकाने आखा: काय थांबले, किती वेळ, कोणाला बरे वाटले किंवा वाईट वाटले. तिसरा रकाना लोक सोडून देतात, आणि मराठी शब्द ठरतो तो नेमका त्या रकान्यावर.

इंग्रजी-हिंदी कोश वापरत असाल तर त्यातून अर्थ घ्या, शब्द घेऊ नका. शिवाय एक मराठी-इंग्रजी कोश जवळ असू द्या. निवडलेला मराठी शब्द उलट तपासायला तो शेवटी लागेल.

## टप्पा १: उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार ‘लल’. ‘डल’, ‘नल अँड व्हॉइड’मधला ‘नल’, कवटी या अर्थाचा ‘स्कल’, या रांगेतला हा शब्द आहे. ‘फुल’, ‘पुल’, ‘बुल’ यांचे स्पेलिंग तसेच दिसते म्हणून अनेकजण ‘लुल’ म्हणतात. ते चूक. अंगाईगीताला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचाही उच्चार ‘ललबाय’ असा होतो. ‘लुलाबाय’ हा आपल्याकडचा गैरसमज आहे आणि तो शाळेच्या स्नेहसंमेलनांतून पक्का झालेला आहे.

भूतकाळी रूप ‘लल्ड’. मूळ शब्दात शेवटी दोन एल आहेतच, तेव्हा पुढे फक्त ई-डी किंवा आय-एन-जी लावायचे. शेवटच्या दोन एलना आणखी एल जोडायचा नाही.

तपासा: ऐकून लिहून घेत असाल तर ‘डल’ आणि ‘लल’ यांत गफलत होते. वाक्यात आधी ‘इज’ आणि लगेच हा शब्द आला (‘द मार्केट इज…’) तर तो जवळजवळ नक्की ‘डल’ आहे. आधी ‘अ’ किंवा ‘द’ आणि नंतर ‘इन’ आले तर ‘लल’.

## टप्पा २: नाम आहे की क्रियापद

हे दोन अर्थ मराठीत पूर्ण वेगळ्या दिशांना जातात, म्हणून फाटा इथेच फोडा.

नाम असेल तर अर्थ ‘मधला शांत काळ’. खुणा: आधी ‘अ’, ‘द’, ‘ब्रीफ’, ‘टेम्पररी’, नंतर ‘इन’, ‘बिटवीन’, ‘बिफोर’.

क्रियापद असेल तर अर्थ ‘कोणीतरी किंवा कशाने तरी माणसाला शांत करणे’. मग ते झोपवणे असो, भीती घालवणे असो की गाफील करणे. खुणा: नंतर माणूस किंवा त्याची भावना, आणि पुढे ‘टू स्लीप’ किंवा ‘इंटू’.

जुन्या समुद्रकथांत ‘द विंड लल्ड’ असेही सापडते. तिथे कोणी कोणाला शांत करत नाही, वारा आपणच पडतो. हा प्रयोग आज क्वचित दिसतो. त्याचे मराठी सरळ ‘वारा पडला’.

सावध: ‘लल’ हे विशेषण नाही. ‘बिझनेस इज लल धिस मंथ’, ‘आय ॲम फीलिंग लल’ ही वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत. पहिल्यात ‘स्लो’ किंवा ‘डल’ हवे, दुसऱ्यात ‘लो’ किंवा ‘डल’.

## टप्पा ३: ‘इन’च्या पुढे काय आहे ते गाठा

नाम ठरले की पहिला प्रश्न: काय थांबले? उत्तर बहुधा ‘इन’नंतर असते. ‘अ लल इन द कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे बोलणे थांबले. ‘अ लल इन ट्रेडिंग’ म्हणजे सौदे मंदावले.

‘इन’ नसेल तर आधीचे वाक्य बघा. ‘द गन्स हॅड बीन फायरिंग सिन्स डॉन. देन केम अ लल.’ इथे थांबला तो तोफांचा मारा.

‘ऑफ’ आले तर घाई करू नका. ‘अ लल ऑफ टू डेज’मध्ये ‘ऑफ’नंतर थांबलेली गोष्ट नाही, थांबण्याची लांबी आहे. याचे ‘दोन दिवसांचा शांतपणा’ करण्यापेक्षा, जे थांबले त्याचे नाव घेऊन ‘दोन दिवस गोळीबार थांबला होता’ असे लिहा.

मराठी वाक्याची घडणही इथेच ठरते. इंग्रजीला नाम आवडते: ‘देअर वॉज अ लल’. मराठीला क्रियापद आवडते: थांबला, ओसरली, मंदावले, पडला. ‘देअर वॉज’चे ‘तिथे एक … होता’ केलेत की वाक्य मेलेच म्हणून समजा.

## टप्पा ४: तीन कसोट्या

पहिली: थांबणे ठरवून झाले का? कोणी ठरवून थांबवले असेल, तर मूळ लेखकाने बहुधा ‘लल’ वापरलेच नसते. याची दोन चांगली उदाहरणे युरोपच्या इतिहासात आहेत. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी सैनिकांनी आपापसांत समजुतीने गोळीबार थांबवला. तो ‘ट्रूस’. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन आणि फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, पण त्याच पश्चिम आघाडीवर १० मे १९४० ला जर्मन फौजा पुढे सरकेपर्यंत मोठी जमिनी लढाई झाली नाही. त्या महिन्यांत कोणताही करार नव्हता, युद्ध चालूच होते. तो ‘लल’. भारत-पाकिस्तान यांच्यात १ जानेवारी १९४९ पासून अमलात आली ती युद्धबंदी, म्हणजे ‘सीझफायर’. तिला ‘लल’ म्हणता येत नाही.

यावरून पक्का नियम: ‘लल’साठी युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम, तह यांतला एकही शब्द लिहू नका. बातमीत ही चूक झाली तर वाचकाला झालाच नाही असा करार कळतो.

दुसरी: पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे का? कायमचे संपले असेल तर ‘लल’ नाही. म्हणून ‘लल’चे मराठी करताना ‘संपले’, ‘बंद पडले’, ‘निवळले’ हे शब्द टाळायचे. ‘थांबले’, ‘थंडावले’, ‘ओसरले’ यांत परतीची वाट उघडी राहते. ‘तात्पुरते’ हे विशेषण प्रत्येक वेळी चिकटवायची गरज नाही. ‘थंडावले’मध्ये ते आलेलेच असते.

तिसरी: कोणाच्या नजरेतून? हीच कसोटी सर्वांत महत्त्वाची. ती पुढच्या टप्प्यात पावसाच्या उदाहरणाने नीट कळेल.

## टप्पा ५: क्षेत्र बघून मराठी शब्द

### पाऊस

माळव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो आणि सोयाबीनची पेरणी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला चालते. आता एकच इंग्रजी वाक्य घ्या: ‘फार्मर्स गॉट अ फाइव्ह-डे लल इन द रेन्स.’

शेत चिखलाने भरले आहे, पेरणी अडली आहे, अशा वेळी हे पाच दिवस म्हणजे उघडीप. ‘पाच दिवस उघडीप मिळाली, वाफसा आला आणि पेरण्या सुरू झाल्या.’ (वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल.) ‘गॉट’मधला मिळाल्याचा भाव इथे बरोबर बसतो.

पेरणी झाली आहे, कोंब वर येत आहेत आणि पाऊस पाच दिवस नाही, तर ती ओढ. ‘पेरणी होताच पावसाने ओढ दिली.’ दिवस वाढले की ‘पावसाने दडी मारली’. इथे ‘उघडीप’ लिहिलेत तर शेतकरी वाचक तुमच्यावर हसेल.

हवामानाच्या भाषेत बोलायचे असेल तर खंड. हा शब्द कोणाची बाजू घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो, तिकडे पाऊस वाढतो आणि मध्य भारतात तो कमी होतो. याला हवामानशास्त्रात ‘ब्रेक’ म्हणतात. मूळ मजकुरात ‘ब्रेक’ आहे की ‘लल’ ते बघा. ‘ब्रेक’ ही पारिभाषिक संज्ञा आहे, तिला ‘खंड’च लिहा. ‘लल’ हा सैल, बोलीतला शब्द आहे, तिथे उघडीप, ओढ, खंड यांतून निवड करायला मोकळीक आहे.

तासाभराचा थांबा असेल तर यातला कोणताच शब्द नको. ‘सर ओसरली’, ‘पाऊस जरा थांबला’ पुरे. आणि ‘पाऊस रुकला’ हे इंदुरी बोलण्यात गोड लागते, लिहिताना मात्र ‘थांबला’ किंवा ‘उघडला’ असे लिहा.

### वारा आणि वादळ

शिडाच्या होड्या चालवणारे ‘गस्ट’ आणि ‘लल’ जोडीने वापरतात: वाऱ्याचा जोराचा झोत आणि दोन झोतांमधला ढिला क्षण. मराठीत ‘वारा पडणे’ हा तयार वाक्प्रचार आहे. ‘वारा पडला, पान हलेना.’

चक्रीवादळाच्या संदर्भात मात्र हा शब्द जपून हाताळा. वादळाच्या केंद्रात, ज्याला ‘डोळा’ म्हणतात तिथे, वारा एकदम मंदावतो आणि आकाशही उघडू शकते. डोळा पुढे सरकला की जोरदार वारा परत येतो, आणि तोही उलट दिशेने. मधल्या वेळात संपले असे समजून लोक बाहेर पडतात, म्हणून सूचनापत्रकांत ‘डू नॉट गो आउट ड्युरिंग द लल’ असे लिहिलेले असते. याचे ‘शांततेच्या काळात बाहेर जाऊ नका’ हे मराठी निरुपयोगी आहे. वाचणाऱ्याला कळले पाहिजे ते असे: ‘वारा मध्येच थांबला तरी बाहेर पडू नका, तो पुन्हा उलट दिशेने सुटेल.’ मूळ वाक्यात नसलेले अर्धे वाक्य वाढले तरी चालेल. सूचनेत अर्थ पोचणे आधी, शब्दाशी निष्ठा नंतर.

‘द लल बिफोर द स्टॉर्म’साठी ‘वादळापूर्वीची शांतता’ मराठीत रुळलेले आहे, तेच वापरा. इंग्रजीत याचे जास्त प्रचलित रूप ‘काम बिफोर द स्टॉर्म’ असे आहे. मराठी दोन्हीचे एकच. मात्र पुढे वादळ येणार याची खात्री किंवा निदान दाट शंका असेल तेव्हाच. नुसत्या निवांत दुपारला हा वाक्प्रचार लावू नये.

### बाजार आणि धंदा

इथली मोठी चूक ‘मंदी’. मंदी म्हणजे अर्थव्यवस्थेची किंवा भावांची घसरण. २००८ साली जगभर आली ती मंदी. पितृपक्षाच्या पंधरवड्यात सराफ्यात गिऱ्हाईक कमी असते आणि नवरात्रापासून धनत्रयोदशीपर्यंत ते परत येते. हा ‘लल’. मराठीत म्हणा: ‘पितृपक्षात बाजार थंड असतो’, ‘सोन्याला उठाव नसतो’, ‘खरेदी थंडावते’.

डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळही तसाच. आपल्याकडे तो धुंधुरमास, शेजारच्या हिंदी घरांत खरमास. त्यांच्याकडे तेव्हा लग्ने होत नाहीत, म्हणून मंगल कार्यालये आणि बँडवाले यांच्या धंद्यात दर वर्षी ‘लल’ येतो. ‘लग्नसराई थंडावते’ हे त्याचे चांगले मराठी.

‘सुस्ती’ हा शब्द हिंदी बातम्यांतून येतो: ‘बाजार में सुस्ती’. मराठीत सुस्ती जेवल्यावर माणसाला येते, बाजाराला नाही. ‘मरगळ’ चालते, पण ती तक्रारीचा सूर लावते. गुंतवणूकदार वैतागला आहे असे मूळ मजकुरात असेल तरच ती वापरा.

तासाभराच्या थांब्याला वेगळी भाषा. इंदूरच्या राजवाड्याशेजारच्या सराफ्यात रात्री दागिन्यांच्या पेढ्या बंद होतात आणि मग त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या लागतात. त्या दोहोंमधल्या वेळाचे वर्णन करताना इंग्रजीत ‘द लल बिटवीन द टू’ अगदी चपखल बसते. मराठीत ‘मधल्या वेळात गल्लीतली गर्दी ओसरते’. ‘शुकशुकाट’ नको, शुकशुकाट म्हणजे चिटपाखरू नाही, आणि सराफ्यात ते कधी घडत नाही.

### लढाई, दंगल, आंदोलन

‘चकमकी थंडावल्या’, ‘गोळीबार थांबला होता’, ‘आंदोलनाचा जोर ओसरला’. ‘शांतता प्रस्थापित झाली’ असे लिहिले तर ती कोणीतरी प्रस्थापित केली असा अर्थ होतो.

### बोलणे

‘अ लल इन द कॉन्व्हर्सेशन’साठी ‘शांतता पसरली’ हा हमखास चुकणारा पर्याय. शांतता पसरते ती कोणी काही धक्कादायक बोलल्यावर. ‘लल’मध्ये धक्का नसतो, बोलण्याचा विषय फक्त संपलेला असतो. ‘बोलता बोलता सगळे गप्प झाले’, ‘गप्पांत जरा खंड पडला’, ‘थोडा वेळ कोणीच काही बोलेना’.

### खेळ

क्रिकेटमध्ये ‘अ लल इन स्कोअरिंग’ म्हणजे मधल्या षटकांत धावांचा वेग मंदावणे. पावसाने थांबलेला खेळ किंवा पाणी पिण्याची सुट्टी म्हणजे ‘लल’ नव्हे. (८ डिसेंबर २०११ ला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर सेहवागने १४९ चेंडूंत २१९ धावा केल्या, त्या खेळीचे वर्णन करायला हा शब्द फारसा उपयोगी नाही.)

## टप्पा ६: क्रियापद, आणि तो कुप्रसिद्ध वाक्प्रचार

‘लल अ बेबी टू स्लीप’ सोपे आहे, कारण मराठी इथे श्रीमंत आहे. गाणे म्हणत असेल तर ‘जोजवणे’, हाताने थापटत असेल तर ‘थोपटून झोपवणे’, पाळणा असेल तर ‘झोके देऊन’. काय केले ते मूळ मजकुरात शोधा आणि तेवढेच लिहा. गाण्याला ‘अंगाई’ म्हणा, ‘लोरी’ हिंदीसाठी राहू द्या.

‘द मोशन ऑफ द ट्रेन लल्ड हिम टू स्लीप’मध्ये कर्ता गाडीची हालचाल आहे. ‘गाडीच्या हालचालीने त्याला झोपवले’ हे इंग्रजीचे ओझे झाले. ‘गाडीच्या लयीत त्याचा डोळा लागला’ हे मराठी झाले.

‘लल सस्पिशन्स’, ‘लल फिअर्स’ यांत बरेचदा लबाडी असते. ‘त्याने तिच्या मनातली शंका घालवली’ यात लबाडी दिसत नाही. ‘गोड बोलून तिची शंका दाबून टाकली’ यात दिसते.

आता ‘लल्ड इंटू अ फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी’. यातला एकही इंग्रजी शब्द सुटा मराठीत आणू नका. सगळ्याचा मिळून अर्थ एवढाच: धोका टळला असे वाटून माणूस बेसावध झाला. मराठी पर्याय निवडण्याआधी एक प्रश्न विचारा: बेसावध कोणी केले?

1. कोणी मुद्दाम केले असेल: ‘गाफील ठेवले’, ‘भुलवले’. ‘पहिले दोन परतावे वेळेवर देऊन ठगांनी लोकांना गाफील ठेवले.’
2. परिस्थितीमुळे झाले असेल: ‘गाफील राहिले’, ‘बेसावध झाले’. ‘तीन वर्षे नाल्याला पूर आला नाही, म्हणून वस्ती गाफील राहिली.’
3. माणसाने स्वतःची समजूत घातली असेल: ‘आता काही होत नाही अशा समजुतीत राहिले’.

‘ठेवले’ आणि ‘राहिले’ यांची अदलाबदल झाली तर आरोप बदलतो. पुराच्या बातमीत ‘गाफील ठेवले’ लिहिले की वाचक लगेच विचारणार, कोणी?

सावध: ‘लल्ड इंटू बिलीव्हिंग’, ‘लल्ड इंटू थिंकिंग’ ही त्याच वाक्प्रचाराची भावंडे आहेत. ‘विश्वास ठेवण्यात झोपवले’ असले काही करू नका. ‘असे वाटून ते निर्धास्त झाले’ पुरते.

## टप्पा ७: हिंदीचा डाग पुसा

कच्चा मसुदा झाल्यावर एकदा फक्त यासाठी वाचा.

‘शांती’ आणि ‘शांतता’ सर्वांत आधी. हिंदीत ‘शांति’ दोन्ही कामे करते. मराठीत शांती मनाला लाभते किंवा ग्रहांची करतात. आवाज थांबतो ती शांतता. ‘लल’साठी ‘शांती’ कधीच येणार नाही.

‘विराम’ मराठीत मुख्यतः लेखनचिन्हांत आणि ‘पूर्णविराम दिला’ अशा प्रयोगांत राहतो. पावसाला तो लावू नका. ‘सन्नाटा’ काढा. ‘ठहराव’ काढा. ‘राहत मिळाली’ असेल तर ‘दिलासा मिळाला’ करा, आणि मग पुन्हा विचारा की मूळ मजकुरात दिलासा होता का. असला तर तिथे बहुधा ‘रेस्पिट’ असेल, ‘लल’ नाही.

## टप्पा ८: स्वतः इंग्रजीत लिहिताना

इथे नियम थोडेच आहेत.

1. आधी ‘अ’ किंवा ‘द’ हवेच. ‘देअर वॉज लल इन सेल्स’ चूक, ‘देअर वॉज अ लल इन सेल्स’ बरोबर.
2. जे थांबले त्याआधी ‘इन’.
3. ‘लल पीरियड’ ऐकू येते, पण ‘लल’मध्येच ‘काळ’ आहे. नुसते ‘अ लल’ लिहा.
4. ‘ब्रीफ लल’, ‘टेम्पररी लल’ चालते. ‘परमनंट लल’ हास्यास्पद.
5. ‘टू स्लीप’मध्ये ‘द’ नाही. अवस्था सांगायची तर ‘इंटू’.

शेजारचे शब्द गोंधळात टाकतात, म्हणून एकेका ओळीत: ठरवून थोडे थांबलात तर ‘पॉज’, काम सोडून विश्रांती घेतलीत तर ‘ब्रेक’, त्रास सोसणाऱ्याला सुटका मिळाली तर ‘रेस्पिट’, मालिका किंवा काम काही महिने बंद ठेवले तर ‘हायेटस’, विक्री कोसळली तर ‘स्लम्प’, सगळे ठप्प झाले तर ‘स्टँडस्टिल’. आपण होऊन थोडे मंदावले, तरच ‘लल’. रजेच्या अर्जात ‘आय नीड अ लल’ लिहिणाऱ्याला ‘ब्रेक’ हवा असतो.

## टप्पा ९: उलट तपासणी

एक छोटा उतारा घ्या: ‘आफ्टर थ्री डेज ऑफ हेवी रेन देअर वॉज अ लल ऑन सॅटर्डे. शॉपकीपर्स यूज्ड द लल टू मूव्ह देअर स्टॉक. मेनी वेअर लल्ड इंटू थिंकिंग द वर्स्ट वॉज ओव्हर. द रेन रिटर्न्ड बिफोर डॉन ऑन संडे.’

रकाने भरा. थांबला पाऊस, एक दिवस, दुकानदारांना बरे वाटले. म्हणजे ‘उघडीप’. दुसऱ्या वाक्यात तोच शब्द परत आहे, पण मराठीत ‘उघडिपीचा वापर केला’ म्हणायची गरज नाही. ‘तेवढ्या वेळात’ म्हटले की झाले. ‘तेवढ्यात’ मात्र नको, त्याचा अर्थ ‘इतक्यात, अचानक’ असा होतो. तिसऱ्या वाक्यात मुद्दाम फसवणारा कोणी नाही, म्हणून ‘ठेवले’ नाही.

‘तीन दिवसांच्या जोरदार पावसानंतर शनिवारी उघडीप मिळाली. तेवढ्या वेळात दुकानदारांनी माल हलवला. आता संकट टळले असे वाटून पुष्कळजण निर्धास्त झाले. रविवारी उजाडायच्या आतच पाऊस परत आला.’

आता इंग्रजी झाका आणि मराठी एखाद्या घरच्या माणसाला वाचून दाखवा. विचारा: काय थांबले होते, कोणी थांबवले, आणि परत सुरू झाले का? पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर लगेच यायला हवे. दुसऱ्याला ‘कोणी नाही, आपोआप’ हे उत्तर आले तर ‘लल’ मराठीत उतरला. ‘सरकारने’, ‘दोन्ही बाजूंनी’ असे काही आले, तर चौथ्या टप्प्यावर परत जा. उत्तरच आले नाही, तर तिसऱ्या.

मग मराठी-इंग्रजी कोशात तुमचा शब्द काढा. ‘उघडीप’समोर पाऊस थांबल्याचा अर्थ दिसेल, ‘मंदी’समोर घसरणीचा. समोर आलेला इंग्रजी अर्थ मूळ वाक्यात ‘लल’च्या जागी ठेवून बघा, वाक्याचा अर्थ हलला, तर मराठी शब्द बदला.